घटिकापात्र ते स्मार्टवॉच : एका खरेदीचा इतिहास

घड्याळ विकत घ्यावे की न घ्यावे हा प्रश्न वरवर पाहता बाजाराचा आहे. इतिहासाच्या व्याख्यानात त्याला जागा कशी, असे कोणी विचारील. परंतु ज्या वस्तू आपण रोज अंगावर वागवितो, त्यांच्या पोटात पुष्कळ इतिहास साठलेला असतो. गेल्या काही वर्षांत स्मार्टवॉच नावाची वस्तू आपल्या घरांत शिरली आहे. मुलगा ती वडिलांना वाढदिवसाला देतो, नात आजीच्या मनगटावर बांधते, आणि दुकानदार दीड हजारापासून लाखाच्या घरापर्यंतच्या किमती सांगतो. ती नाडी मोजते, पावले मोजते, झोप मोजते, आलेला निरोप दाखविते, आणि जाता जाता वेळही सांगते. मग ती घ्यावी काय?

आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न आपल्यापुढे पहिल्यांदाच आलेला नाही. कळंब, निर्मळ, अर्नाळा, वसई या किनारपट्टीवर काळ मोजण्याची साधने एकामागून एक आली. प्रत्येक वेळी जुन्या साधनाने भागत असता नवे का घ्यावे, हे लोकांना ठरवावे लागले. त्यांनी ते कशावरून ठरविले हे पाहिले, तर आजचा निर्णय करणे सोपे जाईल.

आरंभ शब्दांपासून करू. ‘घड्याळ’ या शब्दात घटी आहे, आणि घटी म्हणजे भांडे. तांब्याच्या लहान वाटीला तळाशी बारीक छिद्र पाडावयाचे आणि ती पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडावयाची. छिद्रातून पाणी चढत चढत वाटी बुडाली की एक घटका झाली. अशा ६० घटका म्हणजे एक अहोरात्र. तेव्हा एक घटका म्हणजे आजची २४ मिनिटे. घटकेची ६० पळे, दोन घटकांचा मुहूर्त, आणि साडेसात घटकांचा प्रहर. ‘त्याची घटका भरली’ असे आपण म्हणतो, तेव्हा नकळत त्या वाटीचीच आठवण करीत असतो. ‘तास’ हा शब्दही असाच आहे. ज्या धातूच्या थाळीवर टोले देत, त्या थाळीलाच तास म्हणत. पुढे टोल्यामधल्या अवधीला तेच नाव मिळाले. शाळेत आजही ‘तास झाला’ म्हणतात, तो त्या थाळीचा अवशेष होय.

या दोन शब्दांत एक गोष्ट दडलेली आहे. घटिकापात्र प्रत्येकाच्या घरी नसे. ते लग्नाच्या मांडवात असे, देवळात असे, किल्ल्यावर असे. एकाने वाटीवर नजर ठेवावयाची आणि टोला द्यावयाचा. बाकीच्यांनी तो ऐकावयाचा. वेळ ही पाण्याच्या विहिरीसारखी गावाची वस्तू होती. ती विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि आपल्या किनाऱ्यावर तर भांड्याचीही गरज नव्हती. समुद्रावर जाणाऱ्याला तास नको असतो, भरती-ओहोटी हवी असते. त्यासाठी कोकणात एक ढोबळ हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास येतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. तेथून सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, म्हणून भरतीही तितकीच पुढे सरकते. पाऊणपटीचे मर्म एवढेच आहे. उधाण केव्हा आणि भांग केव्हा हे ज्याला तिथीवरून कळते, त्याला कळंबच्या वाळूवर उभे राहून कोणाला वेळ विचारावी लागत नाही. हे घड्याळ फुकट आहे, त्याला किल्ली द्यावी लागत नाही, आणि ज्या कामासाठी ते आहे त्या कामात सहसा दगा देत नाही.

मग या किनाऱ्यावर घंटा आल्या. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत येथे चर्चे उभी राहिली आणि त्यांच्या मनोऱ्यांत ओतीव धातूच्या मोठ्या घंटा टांगल्या गेल्या. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ या तीन वेळच्या प्रार्थनेसाठी घंटा वाजे. शेतात वाकलेल्या माणसाचा दिवस तिने तीन तुकड्यांत कापला. ज्याला प्रार्थना करावयाची नसे, त्यालाही दुपार झाल्याचे कळे. वेळ अजूनही सार्वजनिकच होती. मात्र टोला देणारा बदलला होता, आणि टोल्याबरोबर एक आज्ञा येऊ लागली होती.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्या विजयाच्या खुणा म्हणून येथील घंटा मराठ्यांनी देशावर नेल्या. एक नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात आहे, एक भीमाशंकरला आहे, एक वाईजवळ मेणवलीला आहे. या घंटांच्या पराक्रमकथा आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. परंतु त्यांच्या नशिबातली एक गंमत सहसा कोणी सांगत नाही. घंटा तीच, धातू तोच, नाद तोच. पण तिचे काम पालटले. वसईत ती मनोऱ्यातून माणसांना बोलावीत होती. देवळात तीच घंटा, आपण आलो आहोत, हे देवाला सांगण्यासाठी भक्ताच्या हाती आली. नाशिककरांनी तर नारोशंकराच्या घंटेचे पूर मोजण्याचे माप केले. गोदावरीचे पाणी घंटेला लागले की पूर मोठा! वस्तू घडविणाऱ्याने तिला काय काम नेमून दिले, यावर तिचे मोल ठरत नाही. ती जेथे जाते तेथल्या माणसाला तिची काय गरज आहे, यावर ते ठरते. खरेदीच्या प्रश्नात हे सूत्र आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

वसईच्या माणसाला स्वतःच्या खिशात घड्याळ असावे असे प्रथम वाटले, ते आगगाडीमुळे. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची गाडी १८६४ साली मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचली, आणि १८६७च्या एप्रिलात विरारहून मुंबईला रोजची गाडी सुरू झाली. भाजी, फुले, केळी, दूध, मासळी या मालाला मुंबईचा बाजार जवळ आला. पण गाडी सूर्य पाहून सुटत नाही आणि प्रार्थनेसाठी थांबत नाही. बैलगाडी दोन घटका उशिरा निघाली तर दोन घटका उशिरा पोचे; आगगाडी दोन मिनिटे चुकली तर टोपलीतला माल टोपलीतच राही. मिनिट नावाच्या वस्तूला किंमत आली ती येथे. तेव्हापासून घड्याळ हा चैनीचा भाग न राहता धंद्याचे अवजार झाले.

परंतु घड्याळ घेतले तरी ते लावावयाचे कोणाच्या वेळेवर? आज हा प्रश्न आपल्याला सुचतही नाही. त्या काळी मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, आणि रेल्वे चालत असे मद्रास वेळेवर, म्हणजे आणखी अर्धा तास पुढे. सूर्य आणि गावची घंटा एक वेळ सांगत, स्टेशनावरचे घड्याळ दुसरी. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांना मद्रास वेळ लावली, तेव्हा शहरात एवढा विरोध झाला की १८८३ मध्ये तो हुकूम मागे घ्यावा लागला. विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्यावरील घड्याळाने कोणती वेळ दाखवावी यावरही त्या वेळी वाद झडला. १८७८ साली पुऱ्या झालेल्या त्या मनोऱ्याला पैसा दिला प्रेमचंद रायचंद यांनी, आणि नाव दिले आपल्या आईचे. त्या दृष्टिहीन होत्या व जैन व्रताप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवत. मनोऱ्याच्या टोल्यांवरून त्यांना कोणाला न विचारता वेळ कळावी, अशी त्यामागची आख्यायिका सांगतात. खरी असो वा नसो, घड्याळाची याहून चांगली शिफारस आम्हांला ठाऊक नाही.

१ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ ठरली : ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईच्या वेळेहून ती ३९ मिनिटे पुढे होती. याच महिन्यात मुंबईच्या एका गिरणीतल्या कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद ठेवून दगडफेक केली. अडाणी माणसे घड्याळावर रागावली, असे त्या वेळी काहींना वाटले असेल. पण त्यांचा हिशेब चोख होता. काटा ३९ मिनिटे पुढे गेला म्हणजे सूर्याच्या हिशेबाने त्यांना तितके लवकर उठावे लागणार होते, आणि हे त्यांना कोणी विचारले नव्हते. मुंबई महापालिकेने तर आपली जुनी वेळ १९५५ सालापर्यंत सोडली नाही. घड्याळ घेणे म्हणजे कोणाचा टोला मान्य करावयाचा हे ठरविणे, एवढी गोष्ट त्या पिढीला स्वच्छ कळत होती.

खिशातले घड्याळ मनगटावर आले ते पहिल्या महायुद्धात. त्यापूर्वी मनगटी घड्याळ हा युरोपात बायकांचा दागिना समजत. खंदकातल्या सैनिकाला खिशात हात घालून वेळ पाहण्याची सवड नव्हती, म्हणून दागिन्याचे हत्यार झाले, आणि युद्ध संपल्यावर ते पुरुषांच्या हातावर राहिले. आपल्याकडे स्विस घड्याळे मिरविणारा वर्ग लहान होता. सामान्य घरात घड्याळ पोचले ते १९६१ नंतर. त्या वर्षी बंगलोरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एच. एम. टी.चा घड्याळ कारखाना निघाला. मॅट्रिक झालेल्या मुलाला घड्याळ, जावयाला घड्याळ, निवृत्त होणाऱ्या गुरुजींना निरोपाचे घड्याळ! सकाळी उठून किल्ली द्यावयाची, दोनतीन वर्षांनी घड्याळजीकडे ऑइलिंगला टाकावयाचे, पट्टा तुटला तर बदलावयाचा. बापाचे घड्याळ मुलाच्या हातावर आलेले आपण पुष्कळ पाहिले आहे. २०१६ साली सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला, तरी तिची जुनी घड्याळे आजही कित्येक घरांत चालत आहेत.

येथपर्यंतच्या सर्व साधनांत एक समान धागा आहे. वाटी, घंटा, मनोरा, खिशातले आणि मनगटावरचे घड्याळ, या सर्वांचे तोंड बाहेरच्या जगाकडे होते. बाहेर काहीतरी ठरलेले असे – मुहूर्त, प्रार्थना, गाडी, भोंगा – आणि ते चुकू नये म्हणून साधन हवे असे. स्मार्टवॉचने तोंड फिरविले. ते आपल्याला पाहते. वेळ तर आपल्या खिशातल्या मोबाइलवर दिसतेच. म्हणून वेळेसाठी स्मार्टवॉच घेतो असे म्हणणे बरोबर नाही. जे विकले जाते ते आपल्याच शरीराचे मोजमाप होय. तेव्हा ते मोजमाप कसे होते आणि कितपत खरे, हे पाहिले पाहिजे.

या घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातले रक्त कमीअधिक होते, त्याप्रमाणे परत येणारा प्रकाशही कमीअधिक होतो, आणि त्यावरून यंत्र ठोके मोजते. हात हलला की एक सूक्ष्म यंत्र ती हालचाल टिपते व तिच्यावरून पावले मोजते. झोप मात्र ते पाहू शकत नाही. हात किती स्वस्थ आहे आणि नाडी किती मंद आहे यांवरून तर्क करते. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी हे घड्याळ बऱ्यापैकी सांगते. पावले ढोबळमानाने सांगते. झोपेचे प्रकार सांगते तेव्हा तो अंदाज असतो, हे ध्यानी ठेवावे.

हृदयाच्या अनियमित ठोक्यांविषयी अमेरिकेत एक मोठी पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. ४,१९,२९७ माणसांनी अ‍ॅपलचे घड्याळ बांधून तीत भाग घेतला. त्यांपैकी २,१६१ जणांना, म्हणजे हजारी सुमारे पाच जणांना, ठोके अनियमित असल्याची सूचना मिळाली. सूचना मिळालेल्यांपैकी ज्यांनी पुढे छातीवर पट्टी लावून तपासणी पुरी केली, त्यांत ३४ टक्क्यांना तो विकार त्या तपासणीत आढळला. हा विकार येतो-जातो, त्यामुळे उरलेल्यांच्या बाबतीत घड्याळ चुकलेच असे म्हणता येत नाही. पण निष्कर्ष उघड आहे : घड्याळाची सूचना ही दारावरची थाप आहे; दार उघडून कोण आले ते डॉक्टरनेच पाहावयाचे. आणि थाप पडली नाही म्हणून घरात सर्व कुशल आहे, असेही समजू नये.

साखरेविषयी तर अधिक सावध राहावे. सुई न टोचता रक्तातली साखर सांगतो, असा दावा करणारी स्वस्त घड्याळे बाजारात आली. तेव्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, स्वतःहून साखर मोजणाऱ्या कोणत्याही घड्याळाला वा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असे जाहीरपणे बजावले. मधुमेही माणूस अशा आकड्यावर भरवसा ठेवून औषधाची मात्रा कमीजास्त करील, तर प्राणाशी गाठ आहे. दोन हजारांच्या घड्याळातला रक्तदाबाचा आकडाही याच जातीचा समजावा.

आता दहा हजार पावलांची गोष्ट. हा आकडा जणू शास्त्राने सांगितला आहे, अशा समजुतीने कित्येक लोक रात्री जेवणानंतर घरातल्या घरात येरझारा घालून तो पुरा करतात. वस्तुतः त्याचा उगम जपानमधला आहे. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तेथे पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले. त्याचे नाव ‘मान्पोकेई’, म्हणजे दहा हजार पावलांचे माप. नाव लोकांच्या तोंडी बसले आणि त्याचा नियम झाला. पुढे २०१९ साली अमेरिकेत सुमारे १६,७०० वृद्ध स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. दिवसाला २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते, आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर अधिक चालण्याचा लाभ वाढलेला दिसला नाही. चालणे उत्तम, पण जाहिरातीच्या आकड्यासाठी गुडघे झिजविण्याचे कारण नाही.

इतके पाहिल्यावर खरेदीचा निर्णय चार प्रश्नांवर आणता येतो.

पहिला प्रश्न : बाहेर किंवा आत अशी कोणती गोष्ट आहे, की जी या घड्याळावाचून आपल्याला कळत नाही? विरारच्या गाडीसाठी धावणाऱ्याला मिनिट हवे होते, म्हणून त्याने घड्याळ घेतले. आपल्यापाशी असा ठाम प्रश्न नसेल, तर शेजाऱ्याच्या मनगटाकडे पाहून घेतलेले घड्याळ दोन महिन्यांत कपाटात जाते.

दुसरा प्रश्न : आकडा हाती आल्यावर आपण काय करणार? डॉक्टरांनी नाडीवर लक्ष ठेवण्यास सांगितले असेल आणि ते तो आकडा पाहणार असतील, तर त्या आकड्याला अर्थ आहे. पाहणारा कोणी नसेल, तर आकडा नुसती काळजी देतो. रात्री चांगली झोप लागलेली असता सकाळी घड्याळ ‘झोप अपुरी’ म्हणते आणि माणूस दिवसभर मरगळतो. स्वतःच्या अंगाची साक्ष सोडून यंत्राची साक्ष प्रमाण मानण्याचा हा प्रकार होय.

तिसरा प्रश्न : ते किती वर्षे चालणार? किंमत वर्षांनी भागावी. समजा, दोन हजारांचे घड्याळ दोन वर्षे चालले, तर वर्षाला हजार रुपये पडले. चाळीस हजारांचे चार वर्षे चालले, तर वर्षाला दहा हजार. यातली बॅटरी काही शे वेळा भरली की थकू लागते, आणि स्वस्त घड्याळ बहुधा चिकटवून बंद केलेले असल्याने घड्याळजीला ते उघडण्यात हशील नसते. मुलाच्या हातावर बापाचे स्मार्टवॉच येण्याची शक्यता धरू नये.

चौथा प्रश्न : आकडे कोणाचे? देवळातल्या घटिकापात्राने कोणाची नाडी लिहून ठेवली नाही. हे यंत्र आपले ठोके, झोप, जाणेयेणे मोबाइलमार्गे कंपनीकडे पोचवू शकते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने, दिलेली संमती काढून घेण्याचा आणि माहिती पुसून टाकण्यास सांगण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. परंतु संमतीचा चौकोन न वाचता दाबणाऱ्याच्या हक्काचे रक्षण कायदा तरी किती करणार?

या कसोट्या लावून आमचे मत सांगतो. घरी एकटे राहणारे वृद्ध गृहस्थ किंवा आजी असतील, तर पडल्याबरोबर मुलांना कळविणारे चांगले घड्याळ घ्यावे. तेथे पैशाकडे पाहू नये. डॉक्टरांनी सांगितलेल्या हृदयरोग्याने घ्यावे. ज्याला ऐकू येत नाही, त्याला मनगटावरचा थरकाप गजराचे काम देतो. राजाबाई मनोऱ्याच्या आख्यायिकेतली कळकळ अशा उपयोगात आहे. नेमाने धावणाऱ्या-पोहणाऱ्याने हौस म्हणून घेण्यासही आमची हरकत नाही. शाळकरी मुलाला ते घेऊन देऊ नये. साखर आणि रक्तदाब यांसाठी स्वस्त घड्याळ कोणीही घेऊ नये. त्या पैशांत दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणारे साधे यंत्र घरात येते. आणि बाकीच्या आपणा बहुतेकांना, चालावयाचे असेल तर संध्याकाळी कळंबच्या वाळूवर चालण्यास घड्याळ लागत नाही.

ज्यांनी घेतले आहे, त्यांच्यासाठी शेवटची एक सूचना. या घड्याळावर दिवसातून शंभर वेळा थरकाप होतो – कोणाचा निरोप, कोणाची जाहिरात, ‘उठा, चाला’ अशी ताकीद. हा प्रत्येक थरकाप म्हणजे एक टोला आहे. पूर्वी टोला ऐकणाऱ्याला तो कोण देतो हे माहीत असे. आवडला नाही तर १९०६च्या कामगारांसारखे भांडताही येत असे. आजचा टोला देणारा दिसत नाही. म्हणून घड्याळाच्या मांडणीत जाऊन, घरची माणसे आणि हृदयाची सूचना एवढे दोन टोले चालू ठेवावेत, बाकीचे बंद करावेत. याला पाच मिनिटे लागतात आणि पैसा पडत नाही.